किडनीच्या स्टेम सेलसाठी वर्गणी काढू नका: सीमाभागातल्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
गणेशोत्सव मंडळे, देवस्की पंच कमिट्या, युवक संघ आणि महिला संघ,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी परिसर

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात चार दिवसांसाठी गावी आले होते. खानापूर स्टँडवर उतरले आणि समोरच्या खांबाला बांधलेला फ्लेक्स दिसला. वर गणपती, खाली आमच्याच गल्लीतल्या एका पोराचा फोटो. लग्नातला, फेटा बांधलेला. ‘किडनीवर स्टेम सेल उपचार, आठ लाखांची गरज, सढळ हाताने मदत करा.’ त्याखाली खाते नंबर. आणि कोपऱ्यात वर्तमानपत्राचं एक कात्रण. त्यातली बाई ओळखीची वाटली म्हणून जवळ गेले. ती मीच.

कात्रण २०१७ सालचं. मथळा होता, ‘खानापूरच्या कन्येने प्रयोगशाळेत बनवली किडनी!’ उद्गारचिन्हासकट. मी किडनी बनवलेली नाही. माणसात बसवता येईल अशी किडनी आजवर कुणीच प्रयोगशाळेत बनवलेली नाही. वार्ताहराशी मी फोनवर अर्धा तास बोलले होते आणि त्यातलं निम्मं बोलणं ‘पण’ या शब्दानं सुरू होणारं होतं. छापून आल्यावर खुलासा पाठवायला हवा होता. पाठवला नाही. आईनं कात्रण लॅमिनेट करून घेतलं, मंडळानं सत्काराला बोलावलं, मी शाल-श्रीफळ घेऊन परत बेंगळुरूला गेले. मथळा चुकीचा आहे हे ठाऊक असूनही तेव्हा मला बरं वाटलं होतं. आठ वर्षांनी तोच मथळा एका आजारी पोराच्या फोटोशेजारी टांगलेला पाहिला.

माझं मागणं एकच आहे. किडनीसाठी स्टेम सेलच्या नावानं वर्गणी काढू नका. (स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, जिच्यापासून दुसऱ्या पेशी घडू शकतात.) असं का म्हणते, ते समजायला माझं काम थोडं समजावं लागेल. तेवढं ऐकून घ्या.

माझी शाळा गावातली, मराठी. बी.एस्सी. बेळगावात, एम.एस्सी. धारवाडला. (कन्नड मी धारवाडच्या मेसमधल्या मावशींकडून शिकले. पुढे बेंगळुरूत तेच कामाला आलं.) पीएच.डी. पुण्यात केली, नंतर सात वर्षं जर्मनीत. विषय पहिल्यापासून एकच, किडनीतली पोडोसाइट नावाची पेशी. पोडोसाइट म्हणजे पायवाली पेशी. किडनीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंड्या असतात. या पेशी आपले पाय त्या वाहिन्यांभोवती गुंडाळून बसतात आणि एकीच्या पायांत दुसरीचे पाय अडकवतात, आपण दोन्ही हातांची बोटं गुंफतो तसे. त्या फटींतून पाणी, मीठ, युरिया गाळून जातं आणि रक्तातलं प्रथिन आत राहतं. निरोगी माणसाच्या दोन किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत घेतात.

शहापूर-वडगावात मागावर धागा तुटला की विणकर माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुन्हा चालू करतो. पोडोसाइटच्या विणीत गाठ मारणारं कुणी नाही. पीएच.डी.ची साडेपाच वर्षं मी एवढंच बघत होते, की ही पेशी एकीच्या दोन होते का. होत नाही. तिला जबरदस्तीनं विभागायला लावलं, तर ती पाय सोडते, तिची पकड सुटते आणि ती लघवीतून वाहून जाते. शेजारच्या पेशी पाय ताणून जागा भरतात. ताणून ताणून त्याही सुटतात. बरीच वर्षं बीपी किंवा शुगर अंगावर काढलेल्या माणसाच्या लघवीला फेस येतो, तो या विरलेल्या विणीतून सुटलेल्या प्रथिनाचा.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. गाळणारा एक घटक म्हणजे नेफ्रॉन. एका किडनीत असे सरासरी दहा लाख. बाळ पोटात असतानाच, साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास नवे नेफ्रॉन बनायचे थांबतात. जन्माला येताना जी शिदोरी बांधून मिळते तिच्यावरच सगळा जन्म काढायचा. झेब्राफिश नावाचा बोटाएवढा मासा मोठेपणीही नवे नेफ्रॉन घडवतो. माणसाला ते जमत नाही. तो मासा मी तीन वर्षं पाळला, आणि खरं सांगते, त्याचा हेवा वाटायचा.

मग स्टेम सेलचा गाजावाजा कशाला? त्यालाही कारण आहे. २००६ साली जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा गर्भातल्या पेशीसारखं केलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीतही ते जमलं. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. २००७ मध्ये मी जर्मनीत होते. माणसाच्या पेशीची बातमी आली त्या आठवड्यात प्रयोगशाळेत कुणी दुसरं बोलतच नव्हतं. म्हणजे रुग्णाच्या रक्तातली पेशी घ्यायची, तिला मागे न्यायचं आणि पुन्हा किडनीच्या वाटेला लावायचं! २०१४-१५ च्या सुमारास कुमामोतोत निशिनाकामुरा यांच्या, ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या आणि बॉस्टनमध्ये बोनव्हेंत्रे यांच्या गटानं ती वाट शोधली. आम्हीही तीच धरली.

पद्धत ऐकायला सोपी आहे. पहिला आठवडा पेशींना ठरलेल्या क्रमानं रसायनं द्यायची, मग त्यांचा एक ठिपका बारीक पडद्यावर ठेवायचा आणि पुढचे अठरा दिवस वाट बघायची. सदतीस अंश तापमान. दर दोन दिवसांनी पेशींना पोसणारं गुलाबी पाणी बदलायचं. एकदा दिवाळीला गावी आले तेव्हा ज्याच्यावर सोपवून आले होते तो विसरला आणि महिन्याभराचं काम मेलं. पण जमलं तेव्हा जमलं. नुसत्या डोळ्यांना दिसतो तो मसूर डाळीएवढा, मळकट पांढरा, चपटा तुकडा. सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात नळ्यांच्या वेलांट्या दिसल्या, गुंड्या दिसल्या, गुंड्यांच्या कडेला माझ्या ओळखीच्या पायवाल्या पेशी दिसल्या. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. कुणाला सांगावं तर रात्रीचे अकरा वाजलेले.

त्या मसुराएवढ्या तुकड्यालाच वर्तमानपत्रं ‘मिनी किडनी’ म्हणतात.

आता ‘पण’ ऐका. तो तुकडा तीन महिन्यांच्या गर्भातल्या किडनीइतका कोवळा असतो आणि तिथून पुढे वाढत नाही. त्यातले नेफ्रॉन फार तर शेकड्यात मोजावेत इतके, आणि माणसाला लागतात लाखांत. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. लघवी तयार झालीच तर बाहेर जायला वाट नाही. मधूनच त्यात मेंदूच्या किंवा स्नायूच्या वळणाच्या पेशी उगवतात, ज्यांना कुणी बोलावलेलं नसतं. त्याचा उपयोग वेगळा आहे आणि मोठा आहे. काही घराण्यांत किडनीत पाण्याचे फोड होत जाण्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या येतो. तो ज्या जनुकांमुळे होतो ती जनुकं या तुकड्यात बिघडवली, की बशीतच फोड धरतात. मग त्यावर औषधं तपासता येतात, माणसावर न तपासता. गेली काही वर्षं मी तेच करते. लहान काम आहे, सावकाश चालतं, पण खरं आहे.

आणि स्टेम सेलचे उपचार विकणारी केंद्रं जे टोचतात त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. ते अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा बाळाच्या नाळेतून काढलेल्या वेगळ्याच पेशी वापरतात. शिरेतून सोडलेल्या त्या पेशींतल्या बहुतेक आधी फुप्फुसात अडकतात आणि काही दिवसांत मरतात. त्या किडनीत जाऊन नवा नेफ्रॉन घडवत नाहीत. किडनी बदलल्यावर शरीरानं ती झिडकारू नये म्हणून या पेशींचा उपयोग होईल का, यावर प्रामाणिक चाचण्या झाल्या आहेत आणि होत आहेत. पण ती संशोधनाची गोष्ट, विकायची नव्हे. धोका नाही असंही समजू नका. थायलंडमध्ये ल्युपसमुळे (शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार) किडनी गेलेल्या एका बाईच्या स्वतःच्याच स्टेम सेल थेट किडनीत टोचल्या होत्या. तिथे गाठी झाल्या आणि ती बाई पुढे वारली. २०१० मध्ये त्यावर शोधनिबंध आला. आम्हा किडनीवाल्यांना तो पाठ असतो.

आमच्या क्षेत्रातले सगळे साधू आहेत असंही म्हणत नाही. हृदयाच्या स्टेम सेलवर एका नामांकित संशोधकानं वर्षानुवर्षं काम छापलं आणि २०१८ मध्ये हार्वर्डनं त्याचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं. तोवर त्या आधारावर माणसांवर चाचण्याही होऊन गेल्या होत्या.

आता त्या पोराचं. वय एकोणतीस, उद्यमबागमध्ये टर्नर. डोकं दुखायचं म्हणून मेडिकलमधून गोळी आणून खायचा. बीपी कुणी कधी मोजलंच नव्हतं. पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, अकरावर गेलेलं निघालं आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. सोमवार-गुरुवार डायलिसिस. तिथल्या बाकावर कुणीतरी त्याच्या वडिलांच्या हातात पत्रक दिलं, मोठ्या शहरातल्या कुठल्याशा केंद्राचं. तीन इंजेक्शनांचं पॅकेज. आणि त्यांना धीर कशाचा आला असेल तर माझ्या कात्रणाचा. आपल्याच गावची बाई हेच करते म्हणजे खोटं नसणार.

मी त्याला भेटायला गेले. हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, त्यावर हात ठेवून बसला होता, म्हणाला, “बघा आत्या, हितं गाडी चालू हाय.” ती थरथर लागते हाताला. मग म्हणाला, “आत्या, तुमी बनवलेली ती किडनी मला बसंल काय?”

इतकी वर्षं परिषदांत प्रश्नांना उत्तरं दिलेली बाई मी. त्याला काय सांगावं ते सुचेना. चहा आला, तो प्याले, आणि मग सांगितलं. तो नुसतं ‘बरं’ म्हणाला. पण तोवर मंडळाकडे तीन लाख चाळीस हजार जमले होते, पहिल्या इंजेक्शनची तारीख ठरली होती आणि ‘एवढ्या लोकांनी दिलंय, आता मागं कसं सरायचं’ असं घरातलं वातावरण होतं. मंडळाच्या पोरांनी मला आरतीनंतर स्टेजवर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नाही म्हटलं. नीट कारण सांगायला हवं होतं, गर्दीत जमलं नाही. ‘आक्का मोठी झाली, आता गावासाठी दोन शब्द बोलायला पण वेळ नाही’ असं माझ्या मागं बोललं गेलं, ते आईकडून कळलं.

इंजेक्शन झालं. केंद्रातल्या माणसानं ‘आता डायलिसिस हळूहळू कमी होईल’ असं सांगितलं. पोरानं एक गुरुवार चुकवला, पुढचा सोमवार चुकवला. त्या रात्री अडीच वाजता छातीत पाणी भरून त्याला श्वास घेता येईना. बेळगावला पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. वाचला. पुन्हा सोमवार-गुरुवार सुरू आहे. पैसे गेले.

यात मंडळाचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पावती फाडायला घरोघर फिरणारी पोरं मी पाहिली आहेत. पावसात, छत्री नाही, पावती पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत धरून. म्हणून तर हे तुम्हाला लिहिते, केंद्राला नाही. केंद्राला काय लिहायचं?

‘पण अमक्याचा डायलिसिस सुटला की’ असं तुम्ही म्हणाल. सुटतो. किडनीतल्या नळ्यांच्या पेशी पोडोसाइटसारख्या नसतात, त्या मार खाल्ल्यावर पुन्हा वाढतात. आपल्याकडे भातलावणीत उंदराच्या मुताचं पाणी लागून ताप येतो, घोणस चावते, जुलाबानं शरीर कोरडं पडतं. तेव्हा किडनी अचानक बसते, आठ-पंधरा दिवस डायलिसिस लागतो आणि पुष्कळदा ती आपोआप सुरू होते. मधल्या काळात त्या माणसानं इंजेक्शन घेतलं असेल तर नाव इंजेक्शनचं, भस्म खाल्लं असेल तर नाव वैदूचं. आक्रसून गेलेल्या किडनीला ही सवलत नाही. सोनोग्राफीत किडनी लहान झालेली दिसते का, एवढं विचारलं तरी निम्मा फरक कळतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या कर्करोगासारख्या ठरावीक आजारांत अस्थिमज्जा बदलणं सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. हे एक वाक्य पाठ करा. केंद्र म्हणालं ‘उपचार आहे’, तर त्याला मान्यता नाही. म्हणालं ‘चाचणी आहे’, तर मग आठ लाख कशाचे? ही तत्त्वं काढणाऱ्यांपैकी एक म्हणजे आयसीएमआर, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. तिचीच एक संस्था बेळगावात नेहरूनगरला आहे, पारंपरिक औषधांवर काम करणारी. त्या रस्त्यानं आपण कितीदा गेलो असू.

किडनी आणि अस्थिमज्जा, दोन्ही बदलता येतात हे माणसाला बरंच आधी जमलं. १९५४ च्या डिसेंबरात जोसेफ मरे यांनी बॉस्टनमध्ये एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. अस्थिमज्जेचं काम डॉनल थॉमस यांचं. १९९० चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. आपल्या देशात वेल्लोरला १९७१ मध्ये किडनी बसवली गेली. म्हणजे त्या पोराला वाचवणारा रस्ता माझ्या जन्माआधीपासून आहे, त्याला माझ्या मसुराएवढ्या तुकड्याची वाट बघायची गरज नाही.

तो रस्ता महाग आहे, आणि मंडळाचा पैसा लागतो तो तिथे. आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं, आजी-आजोबा किंवा नातवंडं किडनी देऊ शकतात. देणाऱ्याच्या तपासण्या असतात, त्याची महिना-दोन महिने हजेरी बुडते. शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्या जन्मभर, एक दिवस न चुकवता. नात्यात कुणी जुळत नसेल तर कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ या सरकारी अवयवदान यंत्रणेकडे नाव नोंदवून थांबायचं. तोवर डायलिसिस सरकारी योजनेत मोफत मिळाला तरी कणकुंबी-जांबोटीकडून बेळगावला आठवड्यातून दोनदा दोघांनी जायचं-यायचं भाडं कोण देतं? त्या पोराच्या वडिलांची वही मी पाहिली. भाडं, चहा, आणि प्रत्येक सोमवार-गुरुवारपुढे ‘हजेरी नाही’.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, त्यावरून दोन्हीकडून भाषणं झाली. रुग्णाच्या वाट्याला झेरॉक्स तेवढ्या वाढल्या. हॉस्पिटलचे कागद कन्नड आणि इंग्रजीत, वाचणारी आजी मराठी. मंडळातला कॉलेजात जाणारा एखादा पोरगा त्यांच्यासोबत एक दिवस काउंटरवर उभा राहिला, तर लाखभर वर्गणीहून जास्त उपयोग होईल.

एक गोष्ट बायकांच्या बाजूनं बोलते. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात आणि घेणाऱ्यांत पुरुष. या पोराची आई तयार आहे, चांगलं आहे. पण मंडळाच्या बैठकीत ‘आई देतेयच की’ असं सहज बोललं गेलं तेव्हा वहिनी, म्हणजे त्याची आईच, दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वडिलांचीही तपासणी करा, भावाचीही करा. मग ठरवा.

आणि यात्रेत, उत्सवात एक टेबल लावा. बीपीचं यंत्र, शुगरची पट्टी, लघवीतलं प्रथिन बघायची पट्टी, आणि ज्याचं काही वाढलेलं निघेल त्याचं क्रिएटिनिन. क्रिएटिनिन एकट्यावर विसंबू नका, निम्मी किडनी जाईपर्यंत ते गप्प बसतं. लघवी आधी बोलते. वेळेत सापडलं तर बीपीच्या साध्या गोळ्यांनी किडनी बरीच वर्षं टिकते. डॅपाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध किडनीची झीज मंदावतं हे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसलं आणि आता ते स्वस्तही झालंय. ते कुणाला चालेल हे डॉक्टर सांगतील, मी डॉक्टर नाही. पण अंगदुखीवर रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्या किडनी खातात हे मी सांगू शकते. ऊसतोडीच्या हंगामात त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात.

येत्या यात्रेत मी येणार आहे. टेबलामागे बसेन, बीपी मोजेन. स्टेजवर बोलवाल तर यावेळी बोलेन, आणि सुरुवात २०१७ च्या त्या मथळ्यापासून करेन. मंडळाच्या खोलीत ते कात्रण फ्रेम करून लावलंय असं ऐकलं. तेवढं उतरवून ठेवा.

त्या पोराच्या नावाची पावती पुस्तकं अजून शिल्लक आहेत, सात की आठ. नवीन छापायचा खर्च नको. ‘स्टेम सेल उपचार निधी’ यातले पहिले दोन शब्द पेनानं खोडा आणि पुढे चालू ठेवा. पहिली पावती माझ्या नावानं फाडा.

आपली,
मलप्रभेकाठची एक पेशीशास्त्रज्ञ,
ता. खानापूर, जि. बेळगाव